सुतारकामाच्या हत्यारांना धार लावायला मशीन कोणतं घ्यावं? (सोलापूर)

शिसव_सागवान

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला फर्निचरचं वर्कशॉप आहे, चार कारागीर. धारेला येणारी हत्यारं अशी: ६ ते ३८ मिमीच्या १४ पटाश्या, सगळ्या कार्बन स्टीलच्या. रंधे ५, त्यातल्या तिघांची पाती ५० मिमी आणि दोघांची ६० मिमी. लेथची हायस्पीड स्टीलची ६ हत्यारं. आणि रंधा मशीनची ३०० मिमी लांबीची तीन पाती.

लाकूड मुख्यतः सागवान, थोडं शिसव, दांड्यांसाठी बाभूळ. सध्या ६ इंची बेंच ग्राइंडर आहे, त्यावर त्याच्यासोबत आलेली करडी चाकं, आणि शेवटचा हात तेलाच्या दगडावर. पटाशीचं टोक निळं पडतं आणि मग धार टिकत नाही.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पाण्यात फिरणाऱ्या चाकाचं टॉर्मेक किंवा त्या धर्तीचं मशीन, काचेच्या चकतीवर पेपर चिकटवायचं वर्क शार्प, किंवा नवीन चांगला ग्राइंडर. कोणतं घेऊ आणि का, हे कृपया सविस्तर सांगा.

निसणा

मालक, मशीन निवडण्याआधी निळं का पडतंय ते बघू, कारण निवड तिथंच ठरते.

पटाशीचं पोलाद कडक करून मग साधारण २०० अंशांच्या आसपास टेम्पर केलेलं (पुन्हा बेतानं तापवून थोडं चिवट केलेलं) असतं. ग्राइंडरवर धारेचा पातळ भाग तापला की आधी गवती पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. म्हणजे निळा दिसला तेव्हा कारखान्यातला टेम्पर केव्हाच ओलांडलेला असतो. पाण्यात बुडवून कडकपणा परत येत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत ती पटाशी मऊच राहणार. वरचा रंग एमरीनं पुसून टाकणं ही फसवणूक आहे, आतलं पोलाद तसंच मऊ असतं.

आता वेग. तुमच्या ६ इंची ग्राइंडरचं चाक मिनिटाला २८५० फेरे घेतं, म्हणजे काठाचा वेग सेकंदाला २२ मीटर. ८ इंची चाक १४४० फेऱ्यांवर चालवलं तर १५ मीटर. २५० मिमीचं ओलं चाक ९० फेऱ्यांवर जेमतेम १.२ मीटर. आणि साइटवर अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून पटाशी घासतात, तिथं ४ इंची डिस्क ११००० फेऱ्यांवर सेकंदाला ५७ मीटरनं पळते. तिथं टेम्पर जाऊ नये तर काय होणार?

पण उष्णता नुसत्या वेगानं येत नाही. करडं, कडक बाँडचं (बाँड म्हणजे दाणे धरून ठेवणारा मसाला), तोंड गुळगुळीत झालेलं चाक कापत नाही, घासतं. तेच चाक ड्रेस केलं, म्हणजे वरचा बोथट थर खरवडून काढला, की त्याच वेगावर निम्मी तक्रार कमी होते. म्हणून माझं मत: पैसे आधी चाकावर आणि हत्यार टेकवायच्या रेस्टवर घाला, मशीनचा नंबर त्यानंतर.

पाणचाक

निसणादादांचं म्हणणं बरोबर, पण ओल्या मशीनची बाजू पूर्ण मांडतो.

टॉर्मेक टी-८ चं चाक २५० मिमी व्यासाचं, ५० मिमी रुंद, ९० फेरे. टी-४ चं २०० मिमी, ४० मिमी रुंद, १२० फेरे. दोन्हीकडं काठाचा वेग जवळजवळ सारखाच पडतो. मूळ चाक २२० ग्रेडचं, आणि सोबतचा दुतोंडी दगड त्याच्या तोंडावर दाबून धरला की तेच चाक १००० सारखं बारीक कापायला लागतं. दुसऱ्या टोकाला चामड्याचं चाक, त्यावर पेस्ट. म्हणजे खांडा काढण्यापासून आरशासारख्या धारेपर्यंत एकाच ठिकाणी. धार तापायचा प्रश्नच नाही, कारण चाक पाणी सोबत घेऊन फिरतं.

आता त्रास. पहिला म्हणजे वेळ. खिळ्यावर आपटून १ मिमीचा खांडा पडलेली ३८ मिमी पटाशी त्यावर नीट करायला संयम लागतो, कोरड्या ग्राइंडरवर ते काम कितीतरी पटीत लवकर होतं. दुसरा, ६ मिमीची पटाशी एकाच जागी धरली की चाकात खाच पडते. ती डावी-उजवीकडं सरकवत राहायची, आणि चाक गोलाईतून गेलं की हिऱ्याच्या ट्रूइंग टूलनं थोडं थोडं उतरवायचं. एका दमात खोल उतरवलं तर तोंडावर आट्यांसारख्या रेघा उठतात आणि त्या प्रत्येक पात्यावर छापल्या जातात.

तिसरा त्रास आपल्या गावचा. बोअरचं पाणी जड आहे. ट्रेमध्ये तेच वापरलं की उन्हाळ्यात ते भराभर उडतं आणि क्षाराचा पांढरा थर चाकाच्या बाजूला, ट्रेला, जिगच्या (हत्यार ठरल्या कोनात धरायच्या साच्याच्या) स्क्रूला बसतो. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, त्यात गंजरोधक द्रव बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. काम झालं की ट्रे खाली उतरवायचाच. चाक अर्धं पाण्यात रात्रभर उभं राहिलं तर तेवढीच बाजू पाणी पिऊन जड होते आणि सकाळी मशीन झोकांड्या खात फिरतं. ट्रेमधला लोखंडी गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रेमध्ये ठेवला की बराचसा गाळ त्याला चिकटून येतो.

कातारी

लेथच्या हत्यारांबद्दल मी सांगते, कारण त्यांचं गणित वेगळं आहे.

हायस्पीड स्टील ५५० अंशांच्या आसपास टेम्पर होतं आणि ६०० पर्यंत तग धरतं. त्यामुळं गाउजचं (लेथच्या पन्हळीसारख्या पटाशीचं) टोक निळसर दिसलं तरी पटाशीसारखं ते मऊ पडलेलं नसतं. मात्र तापलेलं हायस्पीड पाण्यात बुडवायचं नाही. धारेत केसाएवढ्या चिरा जातात आणि मग लाकडावर धार कणाकणानं तुटते. हवेतच गार होऊ द्या.

लेथवर धार दिवसातून अनेकदा लावावी लागते, दोन-चार सेकंदांचा स्पर्श. त्यासाठी ओल्या मशीनवर जिग चढवणं, पाणी भरणं परवडत नाही. इथं कोरडा १४४० फेऱ्यांचा ८ इंची ग्राइंडर आणि ८० ग्रेडचं पांढरं चाक हेच योग्य. रफिंग गाउज ४५ अंश, स्पिंडल गाउज ३० ते ३५, बाउल गाउज ४० ते ४५, स्क्रॅपर ७० ते ८०. बोटाच्या नखासारखी धार हवी असेल तर लांब दांड्याचा जिग हवाच. हातानं फिरवलं की एक पंख लांब, एक आखूड होतो.

जिगच्या बाहेर हत्यार किती मिमी काढलं, यावर कोन ठरतो. म्हणून बाकाला लाकडाचा एक ठोकळा कायमचा स्क्रू करा आणि त्याला टेकवूनच प्रत्येक वेळी लांबी लावा. ही मिमीची शिस्त पाळली तर गाउजचं पोलाद दुप्पट पुरतं, कारण प्रत्येक वेळी नवा आकार घासावा लागत नाही.

शिसव_सागवान

ताई, दादा, आभार. दोन शंका. आहे त्या ६ इंची ग्राइंडरला फॅनचा रेग्युलेटर लावून वेग कमी केला तर? आणि हल्ली सगळे सीबीएन चाक सांगतात, ते घ्यावं का?

वाइंडिंगवाला

रेग्युलेटर अजिबात लावू नका. ग्राइंडरची मोटर इंडक्शनची असते. तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्‌झवर आणि पोलच्या संख्येवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. दोन पोल म्हणजे २८५० च्या आसपास, चार पोल म्हणजे १४४०. रेग्युलेटरनं व्होल्टेज पाडलं की ताकद जाते, हत्यार टेकवलं की चाक अडखळतं, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापून जळतं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असतं, त्यात हे नको.

वेग खरंच बदलायचा असेल तर तीन फेजची अर्धा एचपी, चार पोल मोटर आणि तिला सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे हर्ट्‌झ बदलून वेग बदलणारं उपकरण. २५ हर्ट्‌झवर ठेवला की ७०० च्या आसपास फेरे मिळतात. कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला व्हीएफडी लावायचा नाही.

स्वतः ओलं मशीन बांधणार असाल तर १४४० ची मोटर आणि १५ ला १ चा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे ९६ फेरे. पुलीचे दोन टप्पे करून तोच वेग आणता येतो, पण लहान पुलीवर पट्टा घसरतो आणि पाणी उडालं की जास्तच. ओल्या मशीनच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग सक्तीचं समजा. जमीन ओली, हात ओले, समोर मोटर.

निसणा

सीबीएनबद्दल. चाक अॅल्युमिनिअम किंवा पोलादाच्या बॉडीचं, वर बोरॉन नायट्राइडचा थर. व्यास बदलत नाही, ड्रेसिंग लागत नाही, धूळ कमी. लेथच्या हायस्पीड हत्यारांसाठी उत्तमच. पण मऊ लोखंड त्यावर टेकवलं की दाणे भरून जातात. आपल्याकडच्या काही जुन्या पटाश्यांत धारेपुरतं पोलाद आणि पाठीला मऊ लोखंड जोडलेलं असतं, त्या त्यावर नकोत. कोणी कारागिरानं घाईत त्यावर खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर घासला तर महागडं चाक वाया. चार हात वापरणार असतील तर आत्ता नको. वेगात फिरणारं हिऱ्याचं चाक तर पोलादाला नकोच, तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन शोषतं आणि हिरा झिजतो. मंद वेगावर चालतं.

तुम्हाला हवं आहे ते साधं पांढरं चाक. दुकानात ‘पांढरं द्या’ एवढंच म्हणू नका, चाकावरचा कोड वाचा. डब्ल्यूए ६० के ५ व्ही. डब्ल्यूए म्हणजे पांढरं अॅल्युमिनिअम ऑक्साइड, ६० म्हणजे दाणा, के म्हणजे बाँडचा कडकपणा, ५ म्हणजे दाण्यांमधली मोकळीक, व्ही म्हणजे चिनी मातीसारखा भाजलेला बाँड. कडकपणाची अक्षरं ए कडून झेडकडं कडक होत जातात. जे किंवा के घ्या. मऊ चाकाचे बोथट दाणे आपोआप गळून नवे उघडे पडतात, म्हणून ते गार कापतं. ग्राइंडरसोबत येणारी करडी चाकं बहुतेक याहून कडक असतात, ती वेल्डिंगच्या फेब्रिकेशनला ठीक. आणि बारीक दाणा म्हणजे चांगली धार, हा समज इथं उलटा पडतो. १२० चं चाक ६० पेक्षा जास्त तापवतं. बारीक काम दगडावर करायचं असतं. हिरवं चाक सिलिकॉन कार्बाइडचं, ते कार्बाइडच्या टिपांसाठी, पटाशीला नाही.

बसवताना: चाक काठीवर टांगून लाकडी मुठीनं टिचकी मारा. घणघणीत नाद आला तर ठीक, बद आवाज आला तर तडा आहे, परत करा. आपल्याकडं बऱ्याच चाकांचं भोक ३१.७५ मिमीचं असतं आणि स्पिंडल त्याहून बारीक, मधे बुश लागतं. प्लास्टिकचं सैल बुश हेच थरथरीचं नेहमीचं कारण. नेमकं बसणारं बुश टर्नरकडून करून घ्या. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर राहू द्या. डाव्या टोकाला उलटे आटे असतात, हे विसरून नट आवळताना आटे मारले जातात. चाकावर लिहिलेला कमाल वेग मोटरपेक्षा जास्तच हवा. सुरू केल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहा. रेस्ट आणि चाकात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. आणि चाकाच्या बाजूवर पटाशीची पाठ कधीही घासायची नाही.

रंधापाते

निसणादादांनी चाक सांगितलं, मी हात सांगतो. तापण्याचं मोठं कारण हातात असतं.

धार आधी सरळ करा. पटाशी चाकाला काटकोनात, टोकानं, अगदी हलकी टेकवा, म्हणजे खांडे जातात आणि टोकाला सपाट पट्टी तयार होते. दिव्याखाली वरून बघितलं तर ती पांढऱ्या दोऱ्यासारखी चमकते. आता रेस्टवर २५ अंश लावून उतार घासायला घ्या. टोकाला जाडी असल्यामुळं ते पटकन तापत नाही. प्रत्येक फेरीनंतर दिव्याखाली धरा. दोरा बारीक होत जातो, कुठं जाड कुठं पातळ दिसतो, जाड असेल तिकडं बोटाचा दाब. केसाएवढा राहिला की थांबा. शेवटचा केस दगडावर काढायचा. पटाशी निळी पडते ती बहुधा या शेवटच्या केसाच्या हव्यासात, आणि आधी कोपरे जातात.

पाण्यात बुडवायचं ते तापल्यावर नाही, तापायच्या आधी. बोट धारेपासून १० मिमीवर पोलादाला लागलेलं असू द्या. बोटाला सहन होत नाही म्हणजे उशीर झालाय.

कोन मोजायला प्रोट्रॅक्टर नको. ३० अंशांना उताराची लांबी जाडीच्या बरोबर दुप्पट असते, २५ अंशांना २.३७ पट. म्हणजे ४ मिमी जाड पटाशीला ३० अंशांचा उतार ८ मिमी, २५ चा साडेनऊ. रेस्ट बसला का ते बघायला उतारावर मार्कर फासा, मशीन बंद ठेवून चाक हातानं फिरवा. टाचेचा रंग गेला तर कोन लहान लागलाय, टोकाचा गेला तर मोठा, मधोमध गेला तर बरोबर. चाक झिजलं की ही खूण पुन्हा बघायची, जुना रेस्ट तोच कोन देत नाही.

८ मिमी उतारावर १५० मिमीच्या चाकानं मधे सुमारे ०.१ मिमी खळगा पडतो, २५० च्या चाकानं ०.०६. दोन्ही चालतात. उलट त्या खळग्यामुळं दगडावर पटाशी टाच आणि टोक अशा दोन रेषांवर आपोआप बसते. बाभळीत खोल छिद्र मारायच्या पटाशीला मात्र ३० ते ३५ अंश ठेवा. सागवानात सिलिका असते, ती धार खातेच. तिथं कोन न वाढवता वेळेत पुन्हा धार लावणं बरं.

पाणचाक

वर्क शार्पचं राहिलं. १५० मिमीची काचेची चकती, ५८० फेरे, काठाचा वेग सेकंदाला साडेचार मीटर. उतार सपाट येतो, पाठही सपाट करता येते, जे कोणत्याही गोल चाकावर जमत नाही. खालून पटाशी सारायच्या खाचेत २०, २५, ३०, ३५ अंश ठरलेले. पण त्या खाचेत २ इंचांपर्यंतचीच रुंदी जाते, तुमची ६० मिमी पाती वर धरून वेगळ्या आधारानं करावी लागतील. लेथच्या गाउजला तो प्रकार तितकासा सोयीचा नाही. पेपर सतत लागतात, धारेनं फाटतात. आणि अमेरिकेतून मागवलेलं मशीन ११०-१२० व्होल्टचं असतं, थेट २३० ला लावलं की गेलं. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज जुळतं पण हर्ट्‌झ नाही, वेग कमी पडतो.

तरी माझं म्हणणं कायम आहे. चार कारागीर आहेत, त्यातला एखादा नवीन असणार. वर लिहिलेली केसाची गोष्ट त्याच्या हातात यायला महिने जातात. तोपर्यंत १४ पटाश्यांचं पोलाद जळून जाईल. ओल्या मशीनवर तो चुकला तरी धार वाकडी येईल, टेम्पर जाणार नाही.

रंधापाते

हा मुद्दा मला मान्य आहे. फक्त ओल्या मशीनच्या जिगमध्येही वाकडी धार येते, आणि ती चूक लवकर समजत नाही. जुन्या पटाश्या मुळाकडून टोकाकडं निमुळत्या असतात. जिगच्या कडेला टेकवून आवळली की धार तिरकी. आवळण्याआधी गुण्यानं तपासायचं आणि पहिल्या दहा-बारा फेऱ्यांनंतर पुन्हा.

शिसव_सागवान

मग ठरवलं: चार पोलचा ८ इंची ग्राइंडर, एका बाजूला डब्ल्यूए ६० के, दुसऱ्या बाजूला लेथसाठी डब्ल्यूए ८० के, रुंद रेस्ट, हिऱ्याचा ड्रेसर. ओलं मशीन पुढच्या वर्षी, नव्या मुलांच्या हाताला. जुना ६ इंची विकू का? आणि रंधा मशीनच्या पात्यांचं काय?

निसणा

विकू नका. त्याची चाकं काढून एमडीएफची १५० मिमी गोल चकती बसवा, काठावर हिरवा क्रोमिअम ऑक्साइडचा साबण फासा. दगडानंतरची बर (धारेवर उरलेली पातळ, मुडपलेली कड) त्यावर दोन स्पर्शांत जाते. इथं धार नेहमी फिरण्याच्या दिशेनं, म्हणजे चाक धारेपासून लांब जाताना टेकवायची. धार समोरून दिली तर एमडीएफमध्ये रुतून पटाशी हातातून अंगावर येते. जास्त वेळ धरलं तर टोक गोल होतं आणि तेही तापतं. पाठ यावर आणायचीच नाही, तिचे शेवटचे २० मिमी दगडावर सपाट हवेत.

आणि जागा निवडताना भुसा, रंध्याचे छिलके, कापसाचा पिंजर यांपासून ग्राइंडर दूर. आपल्याकडं शेजारी यंत्रमाग असला की पिंजर उडत येऊन सांदीत बसतो, ठिणगी त्यातच धुमसत राहते आणि रात्री पेट घेते. संध्याकाळी बंद करताना खालची जागा ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

वाइंडिंगवाला

ग्राइंडरला बारीक एक्स्टेंशन नको. दीड स्क्वेअर मिमीची तार थेट बोर्डापासून. सुरू होताना बल्ब मंद होत असेल तर तारेत दोष समजा.

कातारी

रंधा मशीनची पाती हातानं कोणत्याही चाकावर करू नका. ३०० मिमी लांबीवर सरळ रेषा हवी, ती फक्त पातं आडवं सरकवणाऱ्या मशीनवर मिळते. एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगचं काम करणाऱ्यांकडं द्या, आणि देताना सांगा की पाती हायस्पीडची आहेत, कूलंट सतत हवा. तिन्ही एकदम द्यायची, एकीलाच खांडा पडलेला असला तरी. परत आली की वजनकाट्यावर तिन्ही ठेवा. फरक दिसला तर जड पात्याची पाठीकडची कड घासून वजन जुळवा, धारेची नाही.

शिसव_सागवान

ताई, वजनात किती फरक चालतो?

कातारी

मी अर्ध्या ग्रॅमच्या आत आणते. त्याहून जास्त राहिला की पाती बसवलेल्या फिरत्या ब्लॉकच्या बेअरिंगवर ताण येतो आणि फळीवर एकसारख्या अंतरावर बारीक लाटा दिसायला लागतात. लाटा दिसल्या की आधी पात्यांची उंची डायल गेजनं बघा, मग वजन. बहुतेकदा उंचीच चुकलेली सापडते.